पावडरीला ओल चालत नाही

"उद्या तू येऊ नगं," आनंदरावांनी मला गेटवर गाठून सांगितलं. "पगारी सुट्टी समज."

पाळी सुटली होती. बाकीच्या बायका पदर झटकत, डोक्याची फडकी सोडत कारेगावच्या रस्त्याला लागल्या होत्या. आनंदराव म्हणजे आमच्या पॅकिंगचे सुपरवायझर. गावातलेच, वयाने मोठे, म्हणून आम्ही सगळ्याजणी त्यांना आप्पा म्हणतो. या माणसाने कुणाला पगारी सुट्टी दिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. रंगुबाईचा सासरा गेला तेव्हा सावडून झाल्या झाल्या ती येऊन पोती भरत होती. मग आजच यांना एवढा पाझर कुठून फुटला, म्हणून मी विचारलं.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघेनात. गेटच्या खांबाकडे बघत म्हणाले, "व्हिजिट हाय. फॉरेनचे पाव्हणे येनार. साहेब म्हनले, ती डोळ्याची बाई तेवढी समोर दिसाया नगं."

डोळ्याची बाई म्हणजे मी. माझं नाव नकुशी. पोरीवर पोरी झाल्या म्हणून आईबापाने ठेवलेलं, आणि ते मी आजवर निमूट वागवलं. पण हे दुसरं नाव ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हॉलमध्ये माझा डोळा गेला, त्या हॉलमध्ये तो दिसायला नको. उद्या म्हणतील, घरातल्या आरशातही बघू नको.

"आप्पा, मी येनार," मी म्हणाले, आणि चालू लागले.

आता ही भानगड काय ती नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई तापट आहे. तापट आहेच मी. पण आधी ऐका, मग म्हणा.

आमची कंपनी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, कारेगावच्या अंगाला. तिथे पांढरी पावडर बनते. दगड येतो, चक्कीत जातो, पिठी होऊन बाहेर पडतो, आणि ती पिठी आम्ही बायका पोत्यांत भरतो. कॅल्शियमचं काहीतरी नाव पोत्यावर इंग्रजीत छापलेलं असतं. ती टूथपेस्टमध्ये जाते, औषधाच्या गोळ्यांत जाते, रंगात जाते, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक, की पांढरं आहे, दगडाचं आहे, हाताला कोरडं लागतं, म्हणजे चुनाच असणार. आम्ही कधी विचारलं नाही आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही.

पण त्या पावडरीची बडदास्त काय सांगू. खाली लाकडी फळ्या, त्यावर पोत्यांची थप्पी. थप्पी आणि भिंत यांच्यात माणूस जाईल एवढी जागा मोकळी, कारण पावसाळ्यात भिंत पाझरते. थप्पी फार उंच लावायची नाही, खालचं पोतं फुटतं. फाटलेल्या पोत्यावर लगेच दुसरं पोतं चढवायचं. ॲसिडचे कॅन पार लांबच्या शेडमध्ये, पावडरीला त्यांचा वारा लागायला नको. पत्र्याला भोक दिसलं की त्याच दिवशी माणूस छपरावर चढायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हॉलमध्ये पाणी आणायचं नाही. प्यायची बाटलीसुद्धा दाराबाहेर. पावडरीला ओल चालत नाही, तिचे गोळे होतात, ग्राहक माल परत पाठवतो. तहान लागली तर गेटजवळच्या टाकीवर जायचं, तेही आप्पांना विचारून. पोटच्या पोराला कुणी एवढं जपत नाही.

माणसांना मात्र सगळं चालायचं. भरायच्या मशीनच्या तोटीला पोतं लावून कळ दाबली की भस्सकन पावडर यायची आणि अर्धा हॉल पांढरा व्हायचा. आम्ही नाकाला पदर बांधायचो. मास्क आणि चष्मे कंपनीत नव्हते असं नाही. होते, ऑफिसच्या कपाटात, पिशवीत घालून ठेवलेले. व्हिजिट आली की ते बाहेर निघायचे आणि पाहुण्यांची गाडी गेली की आप्पा ते परत गोळा करायचे. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

त्या दाखवायच्या दातांतलाच एक म्हणजे डोळे धुवायचा नळ. हॉलच्या दाराशी उंच खांबावर हिरवं भांडं, त्यात वर तोंड केलेल्या दोन तोट्या, खाली पायाने दाबायची पट्टी. बसवला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, आम्हाला खोबरंही वाटलं. पुढे तो ठिबकायला लागला. एका थप्पीचा खालचा थर भिजून दगड झाला. वरून बोलणी बसली, आणि कुणीतरी मागचा कॉक बंद करून टाकला. नळ जागेवर राहिला. झाडूवाली बाई तो रोज पुसायची, त्यामुळे दिसायला नवाकोरा.

माझं झालं त्या दिवशी ट्रक दारात उभा होता आणि आप्पांची घाई चालली होती. पोत्याचं तोंड तोटीवरून निसटलं आणि पावडर सरळ माझ्या तोंडावर आली. उजवा डोळा गच्च भरला. मी तो चोळला. कुणीही चोळेल. मग चाचपडत त्या नळाकडे गेले आणि पट्टीवर पाय दिला. पाणी नाही. पुन्हा दिला, तरी नाही. तेवढ्यात मागून रंगुबाई आली. माझ्या शेजारच्या तोटीवर असते ती. तिने माझा हात धरला.

"पानी लावू नगं," ती म्हणाली. "चुना हाय त्यो. पान्यानं उकळंल."

आणि मला ते पटलं. कळीचा चुना पाण्यात पडला की कसा रटरट शिजतो, ते आम्ही लहानपणापासून बघितलेलं. भिंतींना पांढरं द्यायला आई डब्यात चुना भिजवायची तेव्हा आम्हा पोरींना लांब पिटाळायची. डोळ्यात चुना गेला की पाण्याचा थेंब लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नळ कोरडा निघाला ते बरंच झालं, देवच पावला, असंच तेव्हा आम्हा दोघींना वाटलं. त्या देवाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आप्पा म्हणाले, पदराच्या टोकाने पूस, कुणाकडून तरी फुंकर मारून घे, ट्रक भरायचा राहिलाय. मी एक डोळा मिटून पाळी पुरी केली.

घरी सासूबाई होत्या. सगुणाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते. आम्ही धनगर. सासरे होते तोवर आमचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं, अर्धं वर्ष मेंढरांमागे रानोमाळ. आता कारेगावला दोन खोल्या, जमिनीचा तुकडा, आणि उरलेली थोडी मेंढरं, ती माझा नवरा म्हस्कू राखतो. आत्यांचा सगळा जन्म मेंढरांत गेला. मेंढराच्या डोळ्यात कुसळ गेलं की मेंढीचं दूध पिळायचं, डोळा लाल झाला की जुनं तूप घालायचं. माझ्या हातचं मेंढरू कधी आंधळं झालं नाही, असं त्या ताठ मानेने सांगायच्या. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यात दूध पिळलं, वरून फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी तूप घातलं. डोळा सुजला तेव्हा म्हणाल्या, चुन्याची आग भायेर पडतीया, पडू दे. इतक्या मायेने करत होत्या की ठणका लागला तरी मी हूं का चूं केलं नाही.

डोळ्यातून पू यायला लागला तेव्हा म्हस्कूने मला शिरूरला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. आत्याही एसटीत बसून आल्या. डॉक्टरांनी डोळ्यात काय गेलं ते विचारलं, मी चुना म्हणाले. कुठल्या कंपनीत काम करता, तेही विचारलं. मग म्हणाले, तो चुना नव्हे, खडूची पिठी म्हणा हवं तर, जवळजवळ निरुपद्रवी. चोळल्याने बुबुळाला ओरखडा आला होता, आणि दूध-तूप घातल्याने तो पिकला होता. पुढचं ते माझ्या केसपेपरवर लिहिता लिहिता, मान वर न करता बोलले.

"साध्या पाण्याने लगेच धुतला असतात ना, तर संध्याकाळपर्यंत बरा झाला असता. आणि चुना असता तरी पाणीच घालायचं असतं, भरपूर पाणी."

आत्या माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवरची पिशवी उचलून त्यांनी दुसऱ्या मांडीवर ठेवली.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात राहून आले. डोळा जागेवर राहिला, पण त्यात पांढरं फूल पडलं. उजेड आहे की अंधार आहे, एवढं त्या डोळ्याला कळतं. माणूस कळत नाही.

खरं सांगते, त्या दिवसांत मी आत्यांशी बोलले नाही. त्यांनी ताट वाढलं की मी ते बाजूला सारून स्वतःच्या हाताने दुसरं वाढून घ्यायचे. रागच एवढा होता की तो कुठे ठेवावा कळत नव्हतं, आणि घरात हाताशी त्याच होत्या. त्या उलटून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलायच्याच नाहीत. पहाटे उठून माझ्या वाटणीचंही सारवण, झाडलोट, भाकरी उरकून मोकळ्या व्हायच्या आणि मेंढरांच्या वाघुरीपाशी, त्या जाळीच्या कुंपणापाशी जाऊन बसायच्या.

माझा भाऊ हौसराव दौंडहून धावत आला. तो कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, "ताई, आमच्याकडं खरंखुरं ॲसिड असतं, म्हनून तिथला नळ रोज सकाळी चालू करून बघत्यात. तुमची पावडर गरीब, म्हनून तुमचा नळ कोरडा." कंपनीला भीती वाटते तिथे पाणी असतं, असं त्याचं म्हणणं. तो आमच्या गेटवर जाऊन भांडला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की सत्यजीत साहेब आमच्या घरी आले.

सत्यजीत साहेब म्हणजे कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. पुण्याचे, तरणे, इस्त्रीचा शर्ट. चहाला नको म्हणाले. खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यात आमचीच पावडर. बोटावर घेऊन त्यांनी ती माझ्यासमोर जिभेला लावली.

"बघा," ते म्हणाले, "मी खाल्ली. काही होत नाही. अहो, लो हॅझार्ड मटेरियल आहे हे. तुमच्या टूथपेस्टमध्ये असतं. कंपनीमुळे तुमचा डोळा गेला नाही, ताई." मग ते आत्यांकडे वळले. "आजी, हे दूध-तूप तुम्ही घातलंत ना? तुमच्यामुळे गेला."

आत्यांनी मान खाली घातली. लुगड्याचा काठ बोटांत धरून बसल्या.

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. इतके दिवस मनातल्या मनात मी तेच म्हणत होते, अक्षर न् अक्षर तेच. पण याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझा राग घरातून उठला आणि बरोबर त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. माझ्या सासूला बोलायचं तर मी बोलेन. तिच्या मांडीवर माझं डोकं होतं, याचं नव्हतं. तिने जे हाताशी होतं ते घातलं. यांच्या हाताशी पाणी होतं आणि यांनी ते बंद करून ठेवलं होतं.

"साहेब," मी म्हणाले, "जिभंवर कशाला घेता? डोळ्यात घाला. चांगली मूठभर घाला, आन् मग तुमच्या त्या नळावर धुवायला या. म्या थांबते तिथं."

साहेबांनी पुडी बंद केली. घड्याळ बघितलं, आणखी एक मीटिंग आहे म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. म्हस्कूने त्यांच्या बुटांना माती लागू नये म्हणून फळी टाकली होती, ती तशीच पडून राहिली.

त्यानंतर मी परत कामावर लागले. दुसरं काय करणार. घर चालायला हवं. तोटीवरून मला शिलाईच्या मशीनवर बसवलं, पोत्यांची तोंडं शिवायला. एका डोळ्याने दोरा नीट दिसत नाही, पण हाताला सवय झाली. सगळं जिथल्या तिथे होतं. मास्क कपाटात, नळ चकचकीत आणि कोरडा, पावडर फळ्यांवर ऐटीत. माझ्या जागी तोटीवर नवीन पोरगी आली होती, अंकिता नावाची, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली. तिने एकदा तोंडावर उडालेली पावडर पदराने पुसली, आणि तिच्यासाठी कोण पाणी घेऊन धावणार आहे, हा विचार मला तेव्हापासून छळत राहिला. माझा गेला तो गेला. पण त्याच हॉलमध्ये, त्याच कारणाने, दुसरीचा गेला तर मग माझा डोळा फुकटच गेला म्हणायचं.

मग ती व्हिजिट आली, आणि आप्पांनी मला सुट्टी दिली.

मी गेले. गेटवर आप्पांनी कपाळावर हात मारला, पण पाहुण्यांची गाडी वळणावर दिसत होती आणि तमाशा नको म्हणून त्यांनी मला आत सोडलं. चष्मे वाटले गेले. सगळ्याजणींना पांढरे, पारदर्शक. मला एकटीला सत्यजीत साहेबांनी वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा आणून दिला. हिरव्या-काळ्या काचा, आतला डोळा दिसायलाच नको. म्हणाले, आज एवढा घाला, ताई, आणि आपल्या मशीनवर बसून राहा.

तो चष्मा मी हातात घेऊन बघत बसले. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. पण इथे तर झोपा बैलासाठी नव्हताच. बैल गेलाय हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून केला होता. डोळा होता तेव्हा मला चष्मा मिळाला नाही. डोळा गेल्यावर मिळाला, तो झाकायला.

पाहुणे दोघे होते, एक उंच गोरा माणूस आणि एक गोरी बाई. थप्प्या बघितल्या, फळ्या बघितल्या, भिंतीपासूनचं अंतर बघून माना डोलावल्या. पावडर कशी कोरडी ठेवतो, हे सत्यजीत साहेब हात पसरून सांगत होते. मग ते सगळे हिरव्या नळापाशी आले आणि साहेब त्याबद्दलही काही बोलले. उंच माणसाने कागदावर खूण केली.

मी उठले. मशीन चालू होतं ते बंद केलं, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि नळाकडे चालत गेले. आप्पा "नकुशे" म्हणाले, दबक्या आवाजात. मी पट्टीवर पाय ठेवला आणि दाबला. काही आलं नाही. मी पाय तसाच दाबून ठेवला आणि त्या पाहुण्यांकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी, एक दिसणारा आणि एक पांढरा. उंच माणूस वाकला आणि त्याने स्वतःच्या बुटाने पट्टी दाबून बघितली. मग त्याने कागदावरची खूण खोडली.

गोरी बाई माझ्या जवळ आली. माझ्या डोळ्याकडे बघत तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं. मी साहेबांना म्हटलं, काय विचारतात? साहेब म्हणाले, "काही नाही, तुमचं वय विचारतायत." मी वय सांगितलं. ते त्यांनी इंग्रजीत तिला काय म्हणून सांगितलं, देव जाणे. तिने मान हलवली आणि ती पुढे गेली.

तरी नळाला पाणी आलं. आठवडा उलटायच्या आत प्लंबर आला. भिंतीवर चकचकीत कागदही लागला, पावडर कशी हाताळावी, कशी साठवावी, डोळ्यात गेल्यास काय करावं. सगळं इंग्रजीत. मी साहेबांना म्हटलं, हे वाचणार कोण? ते म्हणाले, नियमात भाषा कुठली ते लिहिलेलं नाही. पावसाळा लागला, नळ पुन्हा ठिबकला, पुन्हा एक थप्पी खालून भिजली, आणि एका सकाळी मी पट्टी दाबली तर पुन्हा कोरडं.

त्या वेळी मी ओरडले नाही. भांडायला जाऊन काय होतं ते मी बघून चुकले होते. दुसऱ्या दिवशी मी कडेवर पाण्याची कळशी घेऊन कामावर गेले.

आप्पा हॉलच्या दारात आडवे आले. "पानी आत न्हाई न्यायचं," ते म्हणाले. "ठावं हाय ना तुला? पावडरीला ओल चालत न्हाई."

"मग माझ्या डोळ्याला काय चालतं आप्पा, त्ये सांगा."

"माझी नोकरी जाईल गं."

"तुमची नोकरी गेली तर दुसरी घावंल," मी म्हणाले. "ही कळशी तोटीपाशी ऱ्हानार. हिला हात लावायचा तर आधी मला उचलून भायेर टाका."

माझ्या मागे रंगुबाई उभी होती. ती आत गेली नाही. अंकिता आत गेली होती, ती बाहेर आली. मग एकेक करून सगळ्याच दाराशी येऊन उभ्या राहिल्या, हात पदरात घालून. आत तोट्या मोकळ्या आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. आप्पांनी एकदा ट्रककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चप्पल घासत बाजूला झाले. जाता जाता एवढं म्हणाले, "फळ्यांवर सांडू नगंस म्हंजी झालं."

तेव्हापासून ती कळशी तिथे आहे. फळ्यांपासून लांब, तोटीच्या मागे, फडक्याने तोंड बांधलेली, वर वाटी पालथी. नवीन बाई आली की आधी कळशीकडे बघते आणि प्यायला हात घालते. मी तिला सांगते, हे प्यायचं नाही. ही पावडर चुना नाही. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, तूप नाही, दूध नाही, आधी पाणी. मग मी तिला वाटीने डोळ्यावर पाणी घालायला लावते, डोळ्यात काही गेलेलं नसतानाही. काहीजणी हसतात. हसू देत. अंकिताला दोनदा त्याचा उपयोग झाला आणि संध्याकाळी ती दोन्ही डोळे उघडे ठेवून घरी गेली.

ती कळशी कोण भरतं, ते सांगायचं राहिलं.

पहिल्या दिवशी मी पिंपातून घाईघाईने भरत होते. आत्या चुलीपाशी होत्या. आमचं बोलणं तेव्हाही नव्हतं. त्या उठल्या आणि त्यांनी माझ्या हातून कळशी काढून घेतली. पाणी ओतून दिलं. राखेने ती आतून-बाहेरून घासली, दोनदा विसळली. मग ट्रंकेतून सासऱ्यांचा धुवून ठेवलेला पटका काढला, त्याचा तुकडा टरकन फाडला आणि चार घड्या करून कळशीच्या तोंडावर धरला.

"डोळ्यात घालायचं हाय," त्या म्हणाल्या. "असंच न्हेतीस व्हय?"

डॉक्टरकडून आल्यापासून डोळा हा शब्द त्यांनी तोंडातून पहिल्यांदा काढला होता. मी कळशी धरून उभी राहिले आणि त्यांनी तांब्या-तांब्याने पाणी ओतलं.

आता ते त्या रोज करतात, मला हात लावू देत नाहीत. त्यांनाही हल्ली नीट दिसत नाही. पाणी गाळून झालं की फडकं दारात उजेडाला धरतात, अगदी नाकाजवळ नेतात आणि बोटाने चाचपून बघतात. कचरा नसतो. तरी पाणी परत पातेल्यात ओततात आणि पुन्हा एकदा गाळतात.